हार्मन, हॉवर्ड की वुडसन?

मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातला आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण? विद्यापीठाच्या गावात, ॲन आर्बरमध्ये, हा वाद शिवाजी पार्कातल्या ‘गावसकर की तेंडुलकर’सारखाच रंगतो. कोणी हरत नाही, कोणी हटत नाही. 1927 पासून उभं असलेलं त्यांचं मैदान आज एक लाख सात हजारांहून जास्त माणसं पोटात घेतं, म्हणजे पंचांची वाण नाही. गंमत अशी की मिशिगनला हाइझमन करंडक, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, मिळवून देणाऱ्या तिघांपैकी एकही मिशिगनमध्ये वाढलेला नाही. टॉम हार्मन इंडियानातल्या गॅरीचा. डेस्मंड हॉवर्ड आणि चार्ल्स वुडसन हे दोघे तर ओहायोचे, आणि ओहायो स्टेट हा मिशिगनचा हाडवैरी.

आकड्यांनी या वादाचा निकाल लागत नाही, कारण तिघांची कामंच वेगळी होती. त्यापेक्षा एकेकाचा एखादा क्षण नीट न्याहाळावा.

28 सप्टेंबर 1940. हार्मनचा एकविसावा वाढदिवस, आणि सामना कॅलिफोर्नियाच्या मैदानावर. सुरुवातीचाच किक-ऑफ त्याने झेलला आणि 94 यार्ड धावत थेट टचडाउन केला. पुढे एक पंट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लाथेने दूर उडवलेला चेंडू, झेलून 72 यार्ड पळाला. एका धावेत तर त्याला अडवायला मैदानावर कोणी उरलं नाही, तेव्हा एक प्रेक्षकच गॅलरीतून उतरून आडवा आला. हार्मनने त्यालाही चुकवलं. जुन्या कृष्णधवल फितीत त्याची धाव पाहावी. पाय झपाझप पडतात, पण वरचं शरीर शांत असतं. अंगावर येणाऱ्याला तो आधी जवळ येऊ देतो आणि मग एकच पाऊल तिरकं टाकतो. नुसत्या वेगाने पळणारे पुष्कळ असतात. समोरच्याला आधी चूक करू देण्याइतका धीर थोड्यांकडे असतो.

त्याच मोसमाचा शेवटचा सामना कोलंबसला, ओहायो स्टेटशी. मिशिगनने तो 40-0 असा जिंकला. हार्मनने तीन टचडाउन स्वतः धावून केले, दोन पास देऊन करवले, चार जादा गुण पायाने मिळवले आणि प्रतिस्पर्ध्यांचे तीन पास मध्येच अडवले. इलिनॉयच्या रेड ग्रेंजचा कारकिर्दीतल्या टचडाउनचा विक्रम याच दिवशी मोडला. तो मैदानाबाहेर निघाला तेव्हा ओहायोचे प्रेक्षक उभे राहिले.

हॉवर्डची जात निराळी. 14 सप्टेंबर 1991, समोर नोत्र दाम. मिशिगन 17-14 ने पुढे, चौथा, म्हणजे चेंडू राखण्याचा शेवटचा डाव आणि हवा फक्त एक यार्ड. अशा वेळी शहाणा संघ चेंडू हातात घट्ट धरून एक यार्ड पुढे रेटतो. क्वार्टरबॅक एल्विस ग्रबॅकने मात्र एंड झोनच्या उजव्या कोपऱ्याकडे लांब चेंडू फेकला. पहिल्या नजरेला तो हॉवर्डच्या आवाक्याबाहेर वाटतो. मग हॉवर्ड जमीन सोडतो. अंग आडवं, हात पूर्ण ताणलेले, आणि चेंडू बोटांच्या टोकांशी. हे दोघे क्लीव्हलंडच्या एकाच शाळेत खेळलेले. फेकणाऱ्याचा झेलणाऱ्यावरचा भरवसा त्या पासमध्ये दिसतो. त्याच वर्षी ओहायो स्टेटविरुद्ध 93 यार्डांचा पंट परतवून हॉवर्डने एंड झोनमध्ये हाइझमन पुतळ्याचीच पोझ घेतली: एक गुडघा वर, एक हात पुढे ताणलेला. करंडक अजून जाहीर व्हायचा होता. ही मिजास कोणाला खटकेल, पण 93 यार्ड पळून आल्यावर ती शोभते.

जाणकार इथे अँथनी कार्टरचं नाव घेतल्याशिवाय राहत नाहीत. 1979 साली इंडियानाविरुद्ध अगदी शेवटच्या डावात 45 यार्डांचा टचडाउन करून त्याने सामना 27-21 असा खेचून आणला होता. हाइझमन त्याला मिळाला नाही. लोकांच्या लाडात मात्र तो कुठेच कमी पडला नाही.

आता वुडसन. 25 ऑक्टोबर 1997, ईस्ट लान्सिंग, समोर मिशिगन स्टेट. त्यांचा क्वार्टरबॅक दबावाखाली बाजूला पळतो आणि चेंडू सीमारेषेबाहेर फेकून देतो. हा पास कोणासाठी नव्हताच. तो वाया घालवायचा, एवढाच हेतू. वुडसन रेषेजवळून उंच उडतो, एका हाताने तो टाकाऊ चेंडू हवेतून खेचतो आणि बाहेर कोसळण्याआधी एक पाय आत टेकवतो. कॉलेजच्या नियमांत एक पाय पुरतो. बाकी सगळे चेंडू बाहेर गेला असं धरून चालले होते. वुडसनच्या लेखी तो अजून खेळात होता.

त्याच मोसमात ओहायो स्टेटविरुद्ध त्याने 37 यार्डांचा पास झेलला, 78 यार्डांचा पंट टचडाउनपर्यंत परतवला आणि एंड झोनमध्ये त्यांचा एक पास हिसकावला. मिशिगन 20-14 ने जिंकलं आणि मोसमभर अपराजितच राहिलं. टेनेसीच्या पेटन मॅनिंगला मागे टाकून हाइझमन वुडसनला मिळाला. मुख्यतः बचाव खेळणाऱ्याला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

माझं मत वुडसनला, आणि त्याचं कारण हार्मनच्याच प्रशिक्षकाकडे सापडतं. हार्मनच्या काळात बाहेर गेलेल्या खेळाडूला त्याच क्वार्टरमध्ये परतता येत नसे; म्हणून प्रत्येकाला हल्ला, बचाव सगळंच करावं लागे. 1941 साली नियम सैल झाला आणि 1945 मध्ये हार्मनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांनी आर्मीच्या, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या, बलाढ्य संघासमोर हल्ल्याला एक तुकडी आणि बचावाला दुसरी उतरवली. सामना तो हरला, पण पद्धत टिकली. मधली काही बंदीची वर्षं सोडली, तर तेव्हापासून हा खेळ एकेका कामात तरबेज असलेल्यांचा झाला. म्हणजे ज्या क्रिसलरच्या हाताखाली हार्मन घडला, त्यानेच पुढचा हार्मन घडण्याची वाट अरुंद केली. वुडसन त्याच अरुंद वाटेने आला. हार्मन अष्टपैलू होता, आणि काळालाही तेच हवं होतं. वुडसनच्या काळाला त्याच्याकडून फक्त बचाव हवा होता. बाकीचं त्याने वर दिलं.

हार्मनवाल्यांचं उत्तर मला पाठ आहे: कोलंबसमध्ये विरोधी प्रेक्षकांना उभं करून दाखवलं ते कोणी? मला ते खोडता येत नाही. माझं मत मात्र त्याने बदलत नाही.