रंगवलेलं हसू

विमानाच्या रंगरूपाला 'लिव्हरी' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ सरदाराच्या चाकरांचा पोशाख. आपल्या कचेऱ्यांतल्या पट्टेवाल्याचा पट्टा आठवा. पट्टा पाहिला की माणूस कोणाचा ते कळायचं, आणि जाब कोणाला विचारायचा तेही. आजचं उदाहरण मला याच कसोटीवर लावायचं आहे.

पॅसिफिक साउथवेस्ट एअरलाइन्स, म्हणजे पीएसए, 1949 साली सॅन डिएगोत केनी फ्रीडकिन यांनी भाड्याच्या डीसी-3 विमानावर सुरू केली. कॅलिफोर्नियाबाहेर जायचंच नाही, त्यामुळे केंद्र सरकारचं भाडेनियंत्रण लागू नाही आणि तिकीट स्वस्त. 1965ला बोइंग 727 जेट आली, मग 737. मध्ये दोन अवाढव्य ट्रायस्टार घेतली, तो शुद्ध खुळेपणा. काही महिन्यांतच ती बाजूला ठेवावी लागली. पुढे एमडी-80 आणि चार इंजिनांची छोटी बीएई 146. अंगावर गुलाबी, केशरी, तांबडे पट्टे. आणि नाकाखाली काळ्या रेघेचं हसू.

चित्र म्हणून मला ते आवडतं. कॉकपिटच्या काचा म्हणजे डोळेच, नाक आयतंच होतं, तोंड तेवढं काढायचं राहिलं होतं! पण कंपनीची जाहिरात पुढे जाऊन सांगायची, आमचं हसू नुसतं रंगवलेलं नाही. म्हणजे आतल्या हवाई सुंदरींनी ते मनापासून हसायचं. आर्ली हॉक्शील्ड यांनी 1983च्या 'द मॅनेज्ड हार्ट' या पुस्तकात ही जाहिरात बरोबर पकडली आहे: इथे भावनाच पगारी काम झाली. तरीही कंपनीच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. वचन देणारा जागेवर होता. 25 सप्टेंबर 1978ला पीएसएचं 727 सॅन डिएगोवर एका छोट्या सेस्नाला धडकलं, 144 माणसं गेली. विमान कोणाचं, हे त्या गावात कोणाला विचारावं लागलं नाही.

1988ला यूएसएअरनं पीएसए गिळली आणि हसू पुसलं. 1995ला 'पीएसए' या नावावरचा हक्क जाऊ नये म्हणून ते नाव ओहायोतल्या जेटस्ट्रीम इंटरनॅशनल या आपल्या उपकंपनीला दिलं. तिचा कॅलिफोर्नियाशी संबंध काय? काही नाही. आज तिची विमानं अमेरिकन ईगलच्या रंगात उडतात. आणि ते हसू? ते 'वारसा' म्हणून अमेरिकन एअरलाइन्सच्या एका एअरबस ए319वर काढलंय. जुन्या पीएसएनं एअरबस कधी उडवलीच नाही.

मिलिंदपञ्हात नागसेन राजाला विचारतात, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? शेवटी ठरतं, की सगळ्या भागांच्या आधारानं 'रथ' हे नुसतं नाव वापरतात. पण निदान आधार होता हो! राजा त्या रथातून आला होता. इथे भाग मोडीत निघाले, आणि नाव एकीकडे, खूण दुसरीकडे.

जानेवारी 2025मध्ये वॉशिंग्टनजवळ एक जेट लष्करी हेलिकॉप्टरला धडकलं, 67 जण गेले. विमान चालवणारी कंपनी पीएसए. अंगावर रंग अमेरिकन ईगलचे. आता पट्टा पाहून जाब विचारा!

जुन्या कर्मचाऱ्यांना ती हसरी एअरबस पाहून बरं वाटत असेल. त्यांच्या आठवणीशी माझं भांडण नाही. हेच हसू सॅन डिएगोच्या विमान संग्रहालयात, खाली तारखा लिहून ठेवलं असतं, तर मी तक्रार केली नसती.