सूक्ष्मनियंत्रकाची निवड आणि देवनागरी

उपकरणात बसवावयाचा आठ-बिटी सूक्ष्मनियंत्रक अपुरा पडतो, सबब बत्तीस-बिटी रचना पत्करावी, असा अभिप्राय विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून वारंवार आढळतो. त्याच्या पुष्ट्यर्थ बहुधा वेगाचे आकडे पुढे केले जातात: एटीमेगा३२८पी या आठ-बिटी नियंत्रकाचा कमाल वेग २० मेगाहर्ट्झ, तर एसटीएम३२एफ१०३चा ७२. ही तुलना फसवी आहे. माळशिरस तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, उसाच्या पंपावरील उपकरणाला जमिनीतील ओल मोजावयाची, तिन्ही फेज तपासावयाचे आणि मोटर चालू किंवा बंद करावयाची असते. एवढ्या कामास आठ बिट पुरून उरतात.

प्रश्न उद्भवतो तो उपकरणाने शेतकऱ्याशी मराठीत बोलावे असे ठरले म्हणजे. आणि येथेही दोष भलत्याच माथी मारला जातो. एचडी४४७८० जातीच्या स्वस्त अक्षरपटलावर एका वेळी आठच नवी चिन्हे घडविता येतात. 'माळशिरस' या एकाच नावात त्यांपैकी सात खर्ची पडतात! ही मर्यादा पटलाची आहे. नियंत्रक बदलून ती दूर होत नाही. १२८×६४ बिंदूंचे चित्रपटल घेतल्यास 'मोटर बंद आहे' यांसारखी ठराविक वाक्ये १२८×१६ बिंदूंची चित्रे म्हणून साठविता येतात. प्रत्येक चित्रास २५६ बाइट, म्हणजे चाळीस वाक्यांस १० किलोबाइट लागतात. एटीमेगाची कार्यक्रमस्मृती ३२ किलोबाइटांची आहे.

दूधसंकलन केंद्रावरील पावतीची गोष्ट निराळी. तेथे कोणते नाव येईल हे आधी ठाऊक नसते. वाक्यांची यादी पुरत नाही, लिपीचे व्याकरणच यंत्रात उतरवावे लागते. 'शि'मधील वेलांटी साठविली जाते 'श'नंतर, छापावी लागते आधी. 'सूर्यकांत'मधील रफार पुढील अक्षराच्या माथ्यावर चढतो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून 'ज्ञानेश्वर' ३० बाइटांचा होतो. ३८४ बिंदू रुंदीच्या पावतीवर २४ बिंदू उंचीची एक ओळ रचावयास ११५२ बाइट हवेत, आणि एटीमेगाची चालू स्मृती अवघी २०४८ बाइट. येथे मोठ्या रचनेची मागणी रास्त ठरते. सी-डॅकच्या तेजस३२मध्ये २५६ किलोबाइट स्मृती आहे.

तथापि स्मृती वाढली म्हणजे मराठी साधली, असे नव्हे. 'आचार्यास' म्हणजे गुरूस, 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यास. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या अक्षरसंचात हा 'ऱ्य' नसेल, तर २५६ किलोबाइट बाळगणारे यंत्रही 'शेतकऱ्यास' चुकीचेच छापील.