५५ अश्वशक्ती, पण कुठल्या हवेत?

आज एक जुनं सरकारी प्रसिद्धिपत्रक वाचू या. शोधनिबंध नाही, साधं प्रसिद्धिपत्रक. संशोधनात आल्यावर तुम्ही जे दावे वाचाल, आणि पुढे स्वतः लिहाल, त्यातलं बरं-वाईट या एका पानात नीट दिसतं.

मार्च २००९ च्या अखेरीस कर्नाटकातल्या कोलारला ‘निशांत’ हे मानवरहित विमान पहिल्यांदा देशी इंजिनावर उडालं. इंजिन वँकेल जातीचं, ५५ अश्वशक्तीचं. वँकेलमध्ये पिस्टन वर-खाली होत नाही, तिकोनी रोटर फिरतो. म्हणून वजनाच्या मानाने ताकद जास्त मिळते. इंजिनाचा गाभा बंगळुरूच्या एनएएलने केला, इंधन आणि प्रज्वलनाची यंत्रणा आपल्या नगरच्या व्हीआरडीईने, आणि उड्डाणचाचणीची बाजू बंगळुरूच्याच एडीईने सांभाळली. नगरमध्ये (आता अहिल्यानगर) व्हीआरडीई म्हटलं की रणगाडे आणि लष्करी गाड्या आठवतात. विमानाच्या इंजिनातही तिचा हात आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

प्रसिद्धिपत्रकाचा सारांश असा: विमान समुद्रसपाटीपासून १.८ किलोमीटर उंचीवर सहज गेलं, ३५ मिनिटं तिथे उडत राहिलं आणि एकूण ४० मिनिटांनी एका कोरड्या तलावात सुखरूप उतरलं. वेगवेगळ्या भाराखाली इंजिन तपासलं. आणि त्याआधी, जमिनीवरच्या दीर्घ चाचण्यांच्या आधारे, सेमिलॅक या लष्करी उड्डाणयोग्यता तपासणाऱ्या संस्थेने पहिल्या नमुना इंजिनाला तात्पुरती उड्डाण परवानगी दिली होती.

जमेची बाजू

सरकारी प्रसिद्धिपत्रकाच्या मानाने हे प्रामाणिक आहे. परवानगी कुणी दिली, कशाच्या आधारावर दिली आणि ती ‘तात्पुरती’ आहे, हे तिन्ही त्यात आहे. बातमी तोंडोतोंडी जाताना सगळ्यात आधी गळतो तो नेमका हाच शब्द. ‘इंजिनाला मान्यता मिळाली’ आणि ‘पहिल्या नमुन्याला तात्पुरती परवानगी मिळाली’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

आपल्याला वाटतं की प्रमाणपत्र म्हणजे शेवटी मारायचा शिक्का. तसं नसतं. आधी अपेक्षा लिहिल्या जातात. प्रत्येक अपेक्षा कशी सिद्ध करणार ते ठरतं: गणिताने, जमिनीवरच्या चाचणीने की उड्डाणाने. मग पुरावा गोळा होतो. आणि शेवटी जो कागद मिळतो तो एका ठरावीक रचनेला, ठरावीक मर्यादांच्या आत लागू असतो. रचना बदलली तर पुरावा पुन्हा तपासावा लागतो. त्यामुळे परवानगीचा कागद हातात आला की आधी त्यातल्या मर्यादा वाचा, अभिनंदन नंतर.

खटकणारी पहिली गोष्ट: आकडा

आता ‘१.८ किलोमीटर’ बघा. ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे. कोलारची जमीनच ८०० मीटरच्या वर आहे. म्हणजे जमिनीपासून मोजलं तर विमान जेमतेम एक किलोमीटर वर गेलं. पत्रकाने फसवलेलं नाही. इंजिनासाठी समुद्रसपाटीपासूनची उंचीच महत्त्वाची, कारण हवा किती विरळ ते त्यावर ठरतं. पण वाचणारा मनात जमिनीपासूनची उंची धरतो.

‘५५ अश्वशक्ती’ हा आकडा तर याहून अर्धवट. कुठल्या हवेत ५५? इंजिनाची ताकद ढोबळमानाने हवेच्या घनतेप्रमाणे घटते. मानक हवा म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस, घनता घनमीटरला १.२२५ किलो. आता नगरची मे महिन्यातली दुपार घ्या. शहर साधारण ६५० मीटर उंचीवर, पारा ४० वर. हिशेब केला तर घनता १.०४ च्या आसपास येते, म्हणजे मानकापेक्षा जवळपास १५ टक्के कमी. अशी हवा मानक वातावरणात साधारण १६०० मीटरवर असते. इंजिन जमिनीवरच उभं आहे, पण त्याला मिळणारी हवा दीड किलोमीटरहून जास्त उंचीवरची! मानक हवेत ५५ देणारं इंजिन अशा दुपारी ४७ च्या आसपास येईल. वर चढल्यावर आणखी कमी.

तेव्हा चाचणीच्या वेळचं तापमान, दाब आणि दुरुस्तीची पद्धत सांगितल्याशिवाय अश्वशक्तीचा आकडा तुलनेला घेताच येत नाही. ‘मानक वातावरणात’ एवढे दोन शब्द पुरले असते.

दुसरी गोष्ट: सांधा

पत्रकात कामाची वाटणी स्वच्छ दिली आहे: गाभा यांचा, इंधन त्यांचं, उड्डाण तिसऱ्यांचं. पण गाभा आणि इंधनयंत्रणा जिथे जुळतात, तिथली जबाबदारी कुणाची, त्याबद्दल अक्षर नाही. हा कीस पाडणं वाटत असेल, तर त्याच महिन्यातली दुसरी घटना बघा.

६ मार्च २००९ रोजी, म्हणजे निशांतच्या उड्डाणाच्या तीनेक आठवडे आधी, एनएएलच्याच ‘सारस’ विमानाचा दुसरा नमुना बंगळुरूजवळ बिडदी इथे कोसळला. हवाई दलाचे दोन चाचणी वैमानिक आणि एक चाचणी अभियंता गेले. त्या दिवशी हवेत एक इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याची चाचणी होती. डीजीसीएच्या चौकशीने नोंदवलेलं संभाव्य कारण असं: इंजिन पुन्हा सुरू करण्याची रचनाकारांनी आखलेली चुकीची पद्धत, आणि ती अपुऱ्या उंचीवर वापरली जाणं. चालकदलातल्या समन्वयाच्या त्रुटीही अहवालात आहेत. पण आपल्यासाठी कळीची नोंद वेगळी आहे: ही पद्धत ठरवताना पंखा बनवणाऱ्या कंपनीला विचारलंच नव्हतं.

यात तुटलेला सुटा भाग शोधत बसू नका. चूक होती कागदावर लिहिलेल्या क्रमात, आणि तो क्रम नेमका इंजिन आणि पंखा यांच्या सांध्यावरचा होता. ‘कागदपत्रांचं काम’ म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, त्यात चालकदलाने कोणत्या उंचीवर काय करायचं हेही असतं. तो कागद चुकला तर माणसं जातात.

एक रास्त हरकत

तुम्ही म्हणाल, प्रसिद्धिपत्रक लोकांसाठी असतं, त्यात सगळं कसं येणार? शिवाय प्रकल्प लष्करी. मान्य. इंजिनाच्या मर्यादा गुप्त ठेवायला हरकत नाही. पण आकडा कुठल्या संदर्भात मोजला, हे सांगितल्याने गुपित फुटत नाही. आणि दोष फक्त पत्रक लिहिणाऱ्यांचा नाही. अशी पत्रकं आपणच प्रबंधाच्या पूर्वसंशोधन प्रकरणात पुरावा म्हणून टाकतो. ‘देशी वँकेल इंजिन यशस्वीपणे विकसित झाले आहे’ असं वाक्य लिहून पुढे जातो. मूळ पानात होतं ते एका नमुन्याचं, ४० मिनिटांचं, तात्पुरत्या परवानगीवरचं उड्डाण. ते यश खरंच मोठं आहे, पण आपल्या वाक्याने ते फुगवलं आणि पुढच्या संशोधकासाठी उरलेला प्रश्नच पुसून टाकला. इंजिन किती तास टिकतं, कुठल्या हवेत किती ताकद देतं, नमुना दोन आणि तीन तसेच वागतात का, हे सगळे प्रश्न त्या ‘यशस्वीपणे’खाली गाडले जातात.

म्हणून एक गृहपाठ. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘यशस्वी’, ‘सिद्ध’, ‘प्रमाणित’ हे शब्द जिथे आहेत तिथे खूण करा. प्रत्येकापुढे तीन उत्तरं लिहा: किती नमुन्यांवर, कोणत्या परिस्थितीत, आणि दोन भाग किंवा दोन माणसांचं काम जिथे जुळतं तिथे तपासणी कुणी केली. मूळ पानात उत्तर सापडलं नाही तर तो शब्द काढा आणि तिथे जे घडलं तेवढंच लिहा. वाक्य लांबेल, थोडं कमी दिमाखदार होईल, पण तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न आला तर उत्तर तुमच्याकडे असेल. कदाचित तुमच्या संशोधनाचा विषयही रिकाम्या राहिलेल्या जागांपैकीच एका जागेत सापडेल.