आज्ञा नेमकी कोणाची? पंडिता रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार

आजचा विषय वरवर पाहता सोपा आहे. देवावर प्रीती असेल तर त्याच्या आज्ञा पाळा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू शिष्यांना हेच सांगतो आणि आपल्याकडच्या उपदेशांत ते आपण शेकडो वेळा ऐकलेलं असतं. अडचण पुढे येते. आज्ञा पाळायची हे ठरलं. पण आज्ञा कोणती, हे मला कोण सांगणार? धर्मगुरू, मंडळी, की माझी विवेकबुद्धी?

या प्रश्नावर मराठी माणसाने आवर्जून वाचावं असं एक पुस्तक आहे, आणि ते धर्मशास्त्राचं नाही. 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. संपादक अ. भि. शहा. त्यातला सगळ्यात जिवंत भाग म्हणजे इंग्लंडमधली 1884-85च्या सुमाराची पत्रं. एका बाजूला पंचविशीतल्या रमाबाई, दुसऱ्या बाजूला वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. वाँटेजच्या या भगिनी पुण्यातही काम करत होत्या, ओळख तिथलीच. 1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रात ‘आजीबाई’ म्हणतात, इंग्रजी पत्रात मराठी शब्द! हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे भांडण आहे ते परक्यांचं नाही. एकमेकींवर जीव असलेल्या दोन बायकांचं आहे.

भांडण कशावरून? मुद्दे बघा. रमाबाई शाकाहारी, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खायला तयार नाहीत. जेराल्डिनना त्यात जातीचा जुना अभिमान दिसतो. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं रमाबाई विचारतात. चेल्टनहॅमला त्यांनी तरुण मुलांना शिकवावं की नाही, यावर हिंदुस्थानातले बिशप हरकत घेतात, तर ते ठरवणारे हे कोण, असा रमाबाईंचा सवाल. आणि सगळ्यात मोठा मुद्दा त्रैक्याचा. मंडळीच्या मतांगिकारात आहे म्हणून मी ते मानायचं, की शुभवर्तमानात मला सापडलं तर मानायचं?

आता जेराल्डिन यांची बाजू आपण नीट ऐकली पाहिजे. मराठीत रमाबाईंवर लिहिताना त्यांना बहुतेक वेळा खलनायिका केलं जातं, ते बरोबर नाही. त्या मठवासी होत्या. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या व्रतांवर त्यांचं आयुष्य उभं होतं. त्यांच्या अनुभवात माणूस स्वतःची इच्छा सोडायला शिकतो तो रोजच्या लहान लहान गोष्टींत. घंटा झाली की उठायचं, सांगितलं ते करायचं. ‘मला पटलं तरच करीन’ असं म्हणणारा शेवटी स्वतःचंच ऐकत असतो, देवाचं नाही, ही त्यांची भीती. आणि ही भीती पोकळ नाही, हे आपण पुढे पाहूच.

रमाबाईंचं उत्तर थोडक्यात असं: देवाने मला विचार करायची शक्ती दिली आहे आणि ती वापरण्याची जबाबदारी माझी आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकतीच मान सोडवून घेतली आहे. दुसरं जोखड लगेच घेणार नाही. देवाच्या वचनापुढे मान लवेल, माणसाच्या हुकमापुढे नाही.

हा पत्रव्यवहार सहसा ‘स्वातंत्र्य विरुद्ध सत्ता’ किंवा ‘हिंदुस्थान विरुद्ध साहेब’ असा वाचला जातो. ते वाचन खोटं नाही, पण माझ्या मते अपुरं आहे. रमाबाई आज्ञापालन नाकारतच नाहीत. त्या पुन्हा पुन्हा एकच विचारतात: ख्रिस्ताने हे कुठे सांगितलं? हे विचारणं म्हणजे बंड नव्हे. योहानाच्याच पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना दास म्हणायचं नाकारतो, मित्र म्हणतो. कारण धनी काय करतो हे दासाला ठाऊक नसतं, मित्राला असतं. म्हणजे या प्रीतीतलं आज्ञापालन डोळे मिटून करायचं नाही, समजून करायचं आहे. मग समजून घेण्यासाठी विचारलेला प्रश्न हा आज्ञापालनाचाच भाग झाला. जेराल्डिन यांच्याकडून इथेच चूक होते, असं मला वाटतं. प्रश्न आला की त्यांना अहंकार दिसतो.

पण रमाबाईंची बाजूही संपूर्ण सुरक्षित नाही. 1889 साली मुंबईत शारदा सदन निघालं आणि पुढे पुण्याला आलं. विधवांना शिक्षण द्यायचं, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं, हे ठरलेलं होतं. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या. मी दार बंद करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका. 1893 मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. रमाबाईंच्या दृष्टीने ते देवाचं ऐकणं होतं. पण मुलींना विश्वासाने पाठवणाऱ्या पालकांना दिलेल्या शब्दाचं काय? ‘देवाने सांगितलं’ असं म्हटल्यावर समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. जेराल्डिनची भीती इथे थोडी खरी ठरते.

मग कसोटी कोणती? मला रमाबाईंच्या आयुष्यातच एक दिसते: आज्ञापालनाची किंमत कोण मोजतो? 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांना खाऊ घालणं, शिकवणं, सांभाळणं त्यांनी अंगावर घेतलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उतारवयापर्यंत हिब्रू आणि ग्रीकशी झुंजत बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, तेही 1922 साली मृत्यू येईपर्यंत. इथे आज्ञा पाळण्याचा भार त्यांच्याच खांद्यावर आहे. 1893च्या प्रकरणात तो काहीसा इतरांवर पडला, म्हणून ते प्रकरण आजही टोचतं.

एक आक्षेप येतो. 1907च्या आत्मकथनात रमाबाई स्वतःच म्हणतात की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त पुढे सुमारे आठ वर्षांनी मिळाला. मग ही पत्रं कच्च्या श्रद्धेची म्हणून बाजूला ठेवायची का? नाही. कारण त्या अनुभवानंतरही त्या कोणत्याही एका पंथाच्या अधिकाराखाली गेल्या नाहीत. मुक्ती मिशन पंथांच्या बाहेरच राहिलं. प्रीती वाढली, आज्ञापालन कडक झालं, पण विचारण्याचा हक्क त्यांनी परत केला नाही.

शेवटी पुस्तकाबद्दलच एक गोष्ट. ही पत्रं जमवून, टिपणं जोडून जपली कोणी? जेराल्डिन यांनी. टिपणांत त्या रमाबाईंशी अजूनही वाद घालतात, आपली बाजू लावून धरतात. पण आपल्याला निरुत्तर करणारी पत्रंही त्यांनी ठेवली. ‘आजीबाईं’नी आपल्या हट्टी धर्मकन्येचं म्हणणं फाडून टाकलं नाही. हे पुस्तक मिळालं तर दोघींचीही पत्रं वाचा. एकीचीच वाचून निकाल देऊ नका. प्रश्न असतील तर आता घेऊ या.