दप्तराचें मौन आणि जवानाचा दावा

शरीरावरील वार सर्वांस दिसतो. सेवेंत जडलेला रोग कागदावांचून दिसत नाहीं. अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवछत्रपतींनीं जखमा पाहून जखमींस होन दिल्याचें सभासद बखर सांगते. तेथें जखम हाच पुरावा होता. आज अपंगत्वाचें निवृत्तिवेतन मागणाऱ्याचा रोग लष्करी सेवेमुळें उद्भवला किंवा बळावला, हें सरकारी दप्तरावरून ठरतें.

1982 सालच्या नियमावलीचा पाया आमच्या मतें योग्य होता. भरतीच्या वेळीं रोगाची नोंद नसल्यास जवान निरोगी होता असें धरावें, दावेदाराकडे पुरावा मागूं नये व वाजवी संशयाचा लाभ त्यास द्यावा, असें तींत होतें. सर्वोच्च न्यायालयानें 2 जुलै 2013 रोजीं सिग्नल दलांतील एका जवानाच्या अपिलांत हाच अर्थ ग्राह्य धरला. वैद्यकीय मंडळाचें मत याविरुद्ध असेल तर त्यानें कारणें नोंदविलींच पाहिजेत. नोंद नसणें म्हणजे रोग नसणें नव्हे, हा आक्षेप संशोधकास मान्यच आहे. परंतु येथें नोंद करणारें सरकारच. तिच्या अभावाचा तोटा त्यानेंच सोसावा, हें न्याय्य होय.

2008 सालच्या नियमावलीनें मात्र एक घातक अपवाद घातला. सेवा सुटल्यावर पंधरा वर्षांनीं दावा आला व तोंवर जतनाची मुदत संपून कागद नष्ट झाले असले, तर सिद्धतेचा भार दावेदारावर! 2008 सालीं सुटलेल्यांचीं पंधरा वर्षें 2023 सालीं भरलीं, आणि त्या सालची नवी नियमावली 21 सप्टेंबरपासून पुढें सुटणाऱ्यांपुरतीच आहे. म्हणून हा वाद आजचाच आहे.

प्रवराकांठच्या कोल्हारचा एखादा जवान घ्या. सेवामुक्तीचें पुस्तक त्याच्या पेटींत असेल. रुग्णालयाचीं टिपणें सरकारपाशीं होतीं, तीं सरकारनेंच नष्ट केलीं. तो नगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत गेला, तरी तें कार्यालय नाहींसा झालेला कागद आणणार कोठून?

उशिरा आलेल्या दाव्यांत लबाडी शिरूं शकते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कागद राखल्यास लबाडीही उघडी पडते. पडलेल्या शिपायांच्या मुलांबाळांस दिलेल्या बालपरवेशीचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरांत दोन शतकांनंतरही वाचावयास मिळतात. जवानाचे वैद्यकीय कागद निदान त्याच्या हयातीपर्यंत राखणें अशक्य नाहीं. मूळ साधन ज्यानें नष्ट केलें, त्यानें तें दुसऱ्याकडे मागूं नये.