पांघरलेले कातडे आणि उपटलेली समजूत : 'स्किनवॉकर'चे हौशी शोध व डहाणू-तलासरीतील भुताळी

लोकसमजुतीची चिकित्सा करताना ती खरी की खोटी, हा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याच्या आधीचा एक प्रश्न घेतला आहे : ती समजूत कोणाविषयी आहे? अमेरिकेतील नवाहो समाजाच्या 'स्किनवॉकर'विषयीचे लेखन आणि त्याच नावाने गाजलेल्या एका जागेचे हौशी शोधकार्य यांचे मूल्यमापन या प्रश्नाशिवाय होऊ शकत नाही. चारोटीच्या परिसरात, म्हणजे डहाणू व तलासरी तालुक्यांत, वारली समाजात रूढ असलेली भुताळीची कल्पना शेजारी ठेवली असता हे अधिक स्पष्ट होते. दोन्ही कल्पना एकच आहेत, असा येथे दावा नाही. त्यांच्यावर लिहिणाऱ्यांची दृष्टी कोठे घसरते, एवढेच पाहावयाचे आहे.

नवाहो भाषेतील 'यी नाल्डलूशी' या संज्ञेचा अर्थ 'त्याच्या योगे चार पायांवर चालणारा' असा होतो. प्राण्याचे कातडे पांघरून लांडग्याचे वा कोयोटचे रूप घेणारा हा चेटूक करणारा माणूस. तो माणूस आहे, ही गोष्ट महत्त्वाची. जवळच्या नातलगाचा जीव घेऊन ही शक्ती मिळवावी लागते, अशी समजूत आहे. म्हणजे कल्पनेचा गाभा नात्याच्या मर्यादाभंगात आहे, कातडे हे त्याचे बाह्य चिन्ह. या विषयावर परक्यांशी बोलणे नवाहो लोक टाळतात. क्लाइड क्लकहॉन यांचा 'नवाहो विचक्राफ्ट' (१९४४) हा या विषयावरील आद्य व्यवस्थित ग्रंथ. विखुरलेल्या, एकमेकांवर अवलंबून असलेल्या वस्त्यांत राग उघडपणे व्यक्त करता येत नाही. तो चेटकाच्या संशयातून वाट काढतो, अशी त्यांची मांडणी आहे. ती आजही वाचनीय आहे. परंतु समाजाला या समजुतीचा काय उपयोग होतो, या हिशेबात ज्याच्यावर संशय आला त्याची बाजू फिकी पडते. १८६४ च्या सक्तीच्या स्थलांतरातून आणि बॉस्क रेडोंडोच्या बंदिवासातून नवाहो लोक १८६८ च्या करारानंतर परतले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८७८ मध्ये, चेटकाच्या संशयावरून सुमारे ४० माणसे मारली गेली. पराभव, उपासमार आणि आजारपण भोगलेल्या समाजाने आपल्यातच शत्रू शोधला, असे या घटनेचे वाचन करता येते.

या पार्श्वभूमीवर 'हंट फॉर द स्किनवॉकर' (२००५) हे कोल्म केलेहर आणि जॉर्ज नॅप यांचे पुस्तक पाहिले की मन थोडे खिन्न होते. यूटा राज्यातील युइन्टा खोऱ्यातील सुमारे ५०० एकरांच्या एका पशुपालन-मळ्याची ही कथा. तेथे विचित्र दिवे, मेलेली जनावरे, गोळी लागूनही न पडणारा लांडगा दिसल्याच्या कथा १९९६ मध्ये वृत्तपत्रांतून आल्या आणि त्याच वर्षी उद्योजक रॉबर्ट बिगेलो यांनी तो मळा विकत घेऊन तेथे संशोधकांचे पथक ठेवले. २०१६ मध्ये मालकी बदलली आणि २०२० पासून त्यावर दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. केलेहर हे जीवरसायनशास्त्रज्ञ आहेत, नॅप अनुभवी पत्रकार आहेत. पुस्तक कंटाळवाणे नाही. वैज्ञानिक नियतकालिकात छापता येईल असा पुरावा हाती लागणे कठीण गेले, हेही लेखक मान्य करतात. दोष अन्यत्र आहे. हा मळा नवाहो प्रदेशात नाहीच. तो यूट लोकांच्या राखीव क्षेत्राला लागून आहे. नवाहोंनी यूटांना शाप दिला, या एका कथेच्या आधारावर नवाहोंचे नाव त्या जमिनीला चिकटवले गेले. तेथे कोणावर कोणी संशय घेतला, कोण कोणाचा नातलग होता, याला पुस्तकात अर्थ उरत नाही. माणसाविषयीची समजूत जागेविषयीची झाली आणि जागा विकत घेता येते, कुंपण घालता येते, तिचे चित्रीकरण विकता येते. २०१६ मध्ये जे. के. रोलिंग यांनी आपल्या काल्पनिक जादूविश्वात स्किनवॉकरला सामावून घेतले, तेव्हा चेरोकी अभ्यासक एड्रिएन कीन यांनी घेतलेला आक्षेपही मूलतः याच स्वरूपाचा होता : जिवंत समाजाची समजूत कोणाच्याही कथेसाठी मोकळा माल नव्हे.

आपल्याकडील हौशी शोधाची परंपरा याहून जुनी व काहीशी निराळी आहे. नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी प्रश्नावली पाठवून गावोगावच्या शिक्षकांकडून लोकसमजुती गोळा केल्या. १९०९ मध्ये त्यांचा वध झाल्यावर ती सामग्री आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केली. कोकणावरील टिपणे १९१५ मध्ये आणि 'फोकलोअर ऑफ बॉम्बे' १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंजा, हडळ, वेताळ, गिऱ्हा, देवचार यांची तेथील वर्णने आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. उत्तर देणारा शिक्षक त्या गावात राहत होता आणि कोणती माहिती कोणत्या गावची, हे टिपणांत नोंदवले आहे. मळ्यावरच्या पथकापेक्षा ही पद्धत अधिक प्रामाणिक होती, असे माझे मत आहे. मात्र प्रश्न ठरवणारा साहेब, उत्तर लिहिणारा पांढरपेशा मास्तर आणि ज्याच्याविषयी लिहिले तो आदिवासी, ही उतरंड त्या पानांत कायम आहे. भुतांचे प्रकार मोजले गेले. भुताळी ठरवलेल्या बाईचे पुढे काय झाले, हा प्रश्न प्रश्नावलीच्या कक्षेत बसणारा नव्हता.

वारली समाजातील भुताळी ही ओसाड जागेत राहत नाही. ती पाड्यावर राहते. मूल सतत आजारी पडते, गाय दूध देईनाशी होते, धडधाकट माणूस अचानक दगावतो. मग भगताकडे जाणे होते. भगत तांदळाचे दाणे पाहतो, त्याच्या अंगात वारे येते आणि कारण सांगितले जाते. कधी देव कोपलेला असतो, कधी बाहेरची बाधा असते, आणि कधी बोट एखाद्या स्त्रीकडे वळते. ती विधवा, निपुत्रिक वा एकटी असण्याची शक्यता अधिक. तिच्या वाट्याला जमिनीचा तुकडा असेल तर संशयाला आणखी एक पाय फुटतो. स्किनवॉकर निदान कातडे पांघरतो. भुताळीच्या कल्पनेत रूपबदल हा गाभा नाही, शेजार आहे. काल जिच्या घरून विस्तव आणला तीच आज संशयित ठरते.

भगताला या ठिकाणी केवळ खलनायक ठरवणे सोपे आहे. तो औषधी वनस्पतींचा जाणकार असतो, कणसरीची व हिरव्या देवाची कथा गाणारा असतो, शेतीच्या चक्राशी बांधलेल्या विधींचा कर्ता असतो. वारली परंपरेत भयाची व्यवस्था लावण्याची रीतही आहे. वाघोबाची लाकडी वा दगडी ठाणी याचे उत्तम उदाहरण. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील अशा सुमारे १५० ठाण्यांची नोंद झाली आहे. बिबट्या खराच रात्री पाड्यालगत फिरतो. त्याला देव मानून वाघबारशीला मान द्यायचा, ही सहजीवनाची एक तोड आहे. चारोटीजवळच्या विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या यात्रेत चैत्र पौर्णिमेच्या मध्यरात्री पुजारी ध्वज घेऊन गडाच्या माथ्यावर चढतो. या प्रदेशातली रात्र अशी आधीच वाटून घेतलेली आहे. तेथे कॅमेरा घेऊन 'झपाटलेली जागा' शोधणाऱ्याने कोणाच्या रात्रीत आपण पाऊल टाकत आहोत, याचा विचार केलेला दिसत नाही.

भारतात असा शोध २००९ मध्ये गौरव तिवारी यांनी स्थापन केलेल्या इंडियन पॅरानॉर्मल सोसायटीमुळे विशेष लोकप्रिय झाला. २०१६ मध्ये तिवारी यांचे निधन झाले. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारे यंत्र, उष्णतादर्शक कॅमेरा, ध्वनिमुद्रक ही या शोधाची सामग्री. आकडा वर गेला म्हणजे काय सिद्ध झाले आणि गेला नाही म्हणजे काय खोडले गेले, याचे उत्तर आधी ठरलेले नसते. याच परिसरातील एक उदाहरण येथे तुलनेला घेण्याजोगे आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी व तलासरीच्या भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. जमिनीतून गडगडाट यावा, भिंतींना तडे जावेत, लोकांनी थंडीत घराबाहेर तंबूत झोपावे, असे महिने गेले. अदृश्य कारणाची भीती याहून मोठी कोणती असणार? राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था व अन्य यंत्रणांनी भूकंपमापक बसवले. अनेक ठिकाणच्या नोंदींच्या वेळा ताडून धक्क्याचे स्थान व खोली काढली गेली. भेगाळलेल्या खडकात पावसाचे पाणी मुरल्याने दाब बदलतो, हे स्पष्टीकरण पुढे आले. ते नंतरच्या नोंदींवर तपासता येते, चुकीचेही ठरू शकते. यंत्र दोन्हीकडे आहे. चुकण्याची तयारी एकीकडेच आहे.

महामार्गांचेही असेच. मुंबई-नाशिक मार्गावरील कसारा घाट 'झपाटलेल्या' ठिकाणांच्या याद्यांत हमखास असतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीनजीक सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला, तेव्हा तीन पदरी रस्ता पुलाजवळ दोन पदरी होण्याची व मागच्या आसनावरील पट्ट्याची चर्चा झाली. हीच चर्चा अनाम प्रवाशांच्या मृत्यूनंतरही व्हावयास हवी होती. जागेलाच बाधित ठरवले की रस्ता आखणारा सुटतो.

भय मात्र येथे केवळ कथेपुरते कधीच नव्हते. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथातील वारली उठावाच्या इतिहासात १० ऑक्टोबर १९४५ ची तलवाड्याची रात्र आहे. खोटा निरोप पसरवून वारल्यांना जमवले गेले आणि पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. १६ एप्रिल २०२० रोजी याच डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, टाळेबंदीच्या काळात, रात्री चोर व मुले पळवणारे फिरतात या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना ठार मारले. पुढे त्याला धार्मिक रंग देण्याचे प्रयत्न झाले. दोन्ही घटनांची जात वेगळी आहे. एकीत वारली बळी होते, दुसरीत जमाव स्थानिकांचा होता. पण अंधारात येणाऱ्या अनोळखी माणसाविषयीचा निरोप पाड्यापाड्यांतून किती वेगाने फिरतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याने येथे रात्री चित्रीकरणाला जाऊ नये.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा, मंत्राने गुरांचे दूध आटवल्याचा आरोप करून तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर हा कायदा अस्तित्वात आला, हे सर्वश्रुत आहे. भुताळी ठरवलेल्या स्त्रीला मात्र तक्रार स्वतःच्या दिराविरुद्ध, पुतण्याविरुद्ध नोंदवावी लागते आणि रात्री त्याच पाड्यावर परतावे लागते. बुवाला चमत्कार सिद्ध करण्याचे आव्हान देता येते. तिने काही दावा केलेलाच नसतो. आरोप बहुधा आजारपणातून सुरू होतो, म्हणून कासा येथील उपजिल्हा रुग्णालयापर्यंत रोगी किती वेळात पोहोचतो, हा प्रश्न येथे लोकसाहित्याच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही. डहाणू तालुक्यात सर्पदंशावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी काम केले, तेव्हा रुग्णालयांबरोबर भगतांकडेही ते गेले आणि दंश झालेला माणूस आल्यावर तुम्ही काय करता, हे त्यांना विचारले.