दार आपणच उघडावयाचे
(हॅलोवीनच्या दिवसांतील भयखेळांविषयी)

ऑक्टोबर महिना सरू लागला म्हणजे आपल्याकडे दिवाळी अंकांची वाट पाहिली जाते, आणि त्यांत एखादी गूढकथा वा भयकथा नसली तर नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या वाचकांस काही चुकल्यासारखे वाटते. याच सुमारास पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीन सणाच्या निमित्ताने भीतिदायक व्हिडिओ खेळ खेळण्याची आता चालच पडून गेली आहे. कित्येक नवे खेळ मुद्दाम या महिन्यात बाहेर येतात, जुने सवलतीच्या दरात विकले जातात, आणि इंटरनेटमुळे ही चाल आपल्याही घरांत शिरली आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या बिऱ्हाडी, मग ते दिल्लीस असो, कोलकात्यास असो वा शिलाँगला, या दिवसांत मुलांच्या खोलीचे दार रात्री उशिरापर्यंत लोटलेले असते आणि आतून करकरणाऱ्या बिजागऱ्यांचे आवाज येत असतात. यावर वडील मंडळींचा अभिप्राय बहुधा ‘थेर’ या एका शब्दात आटोपतो. आमच्या मते हा अभिप्राय घाईचा आहे. यांतील बरेच खेळ थेर आहेत हे खरे. परंतु काही कलाकृती म्हणून परीक्षणास पात्र आहेत, आणि दोहोंमधील भेद नेमका कोठे पडतो हे पाहणे टीकेचे काम होय.

प्रथम सणाविषयी. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संप्रदायात सर्व संतांचा दिवस. त्याची पूर्वरात्र ती हॅलोवीन. आयर्लंड व स्कॉटलंड येथील लोक एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने अमेरिकेस गेले, त्यांच्याबरोबर ही रात्रही गेली. सलगम कोरून दिवा करण्याची जुनी रीत तेथे भोपळ्यावर आली. दिवस लहान होतात, शेते मोकळी होतात, आणि मेलेली माणसे परतून येतात अशी कल्पना मनात धरून मुले सोंगे घेऊन दारोदार हिंडतात. बंगालमध्ये नोकरीनिमित्त राहिलेल्या वाचकांस हे अगदीच परके वाटू नये. ज्या तिथीस आपण पहाटे अभ्यंगस्नान करतो, तीच तिथी तेथे भूतचतुर्दशी होय. त्या रात्री चौदा दिवे लावतात आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या खातात. भयाला वर्षातून एक रात्र नेमून द्यावी, ही गरज अनेक समाजांस वाटलेली दिसते. तिचे महत्त्व काय, याकडे आम्ही शेवटी वळणार आहोत.

आता मूळ प्रश्न. भरताने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत भयानक हा एक. त्याची कारणे सांगताना भरताने विकृत आवाज, भुतांचे दर्शन, अरण्य आणि ओसाड घर यांचा उल्लेख केला आहे. (गुरू व राजा यांचा अपराध घडणे हेही एक कारण दिले आहे, सरकारी सेवेतील वाचकांस त्याचे स्पष्टीकरण नको.) परंतु प्रत्यक्ष भीती वाटणे म्हणजे रस नव्हे. अभिनवगुप्ताने भयानकाचा आस्वाद समजावून देताना ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. प्रेक्षकास त्या वेळी हे भय माझे की दुसऱ्याचे, आजचे की कालचे, असला भेद उरत नाही. निखळ भय तेवढे समोर राहते आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. उलट प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडला, तर ते रसास्वादातील विघ्न होय.

व्हिडिओ खेळाची अडचण येथेच उभी राहते. येथे प्रेक्षक रथाबाहेर बसलेला नसतो. त्यालाच हरिणाच्या जागी उभे केलेले असते. कळ तो दाबतो, पाऊल तो टाकतो. पात्र मेले असता खेळणारे ‘नायक मेला’ असे म्हणत नाहीत, ‘मी मेलो’ असे म्हणतात. मग भयाचा आस्वाद घेण्यासाठी लागणारे अंतर येथे राहते का? ते राहत नसेल, तर हे खेळ पाठीमागून येऊन ‘भो’ करण्याच्या पोरकटपणापलीकडे जात नाहीत, आणि वडील मंडळींचा अभिप्राय योग्यच ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर सिद्धांतातून मिळावयाचे नाही. त्यासाठी कृतींकडेच गेले पाहिजे. कोनामी या जपानी कंपनीचा ‘सायलेंट हिल’ हा खेळ १९९९ साली प्रसिद्ध झाला. हरवलेल्या मुलीस शोधणारा एक बाप धुक्याने भरलेल्या निर्मनुष्य गावात हिंडतो, एवढेच त्याचे प्रारंभीचे कथानक. त्या वेळचे प्लेस्टेशन यंत्र दूरवरचे दृश्य रेखाटण्यास असमर्थ होते. ते उणे झाकण्यासाठी धुके उपयोगी पडले. परंतु कर्त्यांनी त्या धुक्याचा आशयच करून टाकला. बापाच्या खिशात एक लहानसा रेडिओ असतो आणि एखादे विकृत प्राणी जवळ आले की त्यातून खरखर ऐकू येते. म्हणजे संकट आहे हे कळते, ते कोठे आहे हे कळत नाही. दचकविणाऱ्या खेळात आधी काहीच कळत नाही आणि नंतर सारे एकदमच कळते. येथे कळणे आणि न कळणे यांच्यामध्ये खेळणाऱ्यास कितीतरी वेळ उभे राहावे लागते. त्या अवकाशात तो स्वतःच्या भयाकडे पाहू लागतो. आम्हांस हवे असलेले अंतर ते हेच.

हाच अवकाश ‘अ‍ॅम्नीशिया : द डार्क डिसेंट’ या २०१० सालच्या स्वीडिश खेळात अधिक कौशल्याने साधला आहे. एका जुन्या किल्ल्यात स्मृती गमावलेला डॅनिएल जागा होतो. त्याच्याजवळ शस्त्र नाही; आहे तो एक कंदील, आणि त्यातील तेल संपणारे आहे. अंधारात राहावे तर त्याचे मन ढळू लागते. उजेडात यावे तर राक्षसाच्या दृष्टीस पडण्याचा धोका. शिवाय येथील दारे एका टिचकीसरशी उघडत नाहीत. माउसची कळ दाबून धरून हात मागे घ्यावा लागतो, आणि हात जितका हळू जाईल तितकेच दार हळू उघडते. फटीतून डोकावावे, पुन्हा लोटून घ्यावे, असे चालते. नाटक पाहताना ‘दार उघडू नकोस’ असे आपण मनात म्हणतो आणि नट ते उघडतो. येथे उघडणारे आपणच, नको म्हणणारेही आपणच. एकाच माणसात नट व प्रेक्षक असे दोघे निर्माण होतात, आणि प्रेक्षक आपल्याच हातास पाहत बसतो. अभिनवगुप्ताने सांगितलेले विघ्न येथे टळते ते बहुधा या दुभंगलेपणामुळे, असे आम्हांस वाटते.

दाराचा विषय निघालाच आहे, तर आणखी दोन दारे पाहू. कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट ईव्हल’ या १९९६ सालच्या खेळात एका खोलीतून दुसरीत जाताना पडद्यावर केवळ दार दिसे आणि ते सावकाश उघडे; पुढील खोलीचे चित्र तबकडीवरून यंत्रात उतरविण्यास लागणारा वेळ अशा रीतीने भरून काढला होता. ती सक्तीची प्रतीक्षाच त्या खेळाचे वैभव ठरली. मात्र या मालिकेचा पुढील इतिहास उद्बोधक आहे. आरंभी गोळ्या मोजक्या होत्या, म्हणून भय होते. पुढे दारूगोळा वाढला, नायक बलदंड झाले, आणि २०१२ सालच्या सहाव्या भागापर्यंत भयानकाची जागा वीराने व रौद्राने घेतली. २०१७ सालच्या सातव्या भागात कर्त्यांना पुन्हा एका एकाकी घरात आणि एका असहाय माणसाच्या दृष्टीत परतावे लागले. हाती शस्त्र आले की स्थायी भाव पालटतो, ही साधी गोष्ट आहे; पण ती उमगण्यास बराच काळ जावा लागला.

दुसरे दार ‘पी. टी.’ या २०१४ सालच्या छोट्या खेळातील. हिदेओ कोजिमा यांच्या या कृतीत एका सामान्य घरातील काटकोनात वळणारा बोळ, इतकेच स्थळ आहे. बोळाच्या टोकाशी दार. ते ओलांडले की आपण त्याच बोळाच्या आरंभी येतो. प्रत्येक फेरीस काहीतरी बदललेले असते. परिचित वस्तूत पडलेला अल्पसा फरक भुतापेक्षा अधिक घाबरवितो, हे इतक्या काटकसरीने दाखविणारी दुसरी कृती आम्हांस ठाऊक नाही. ज्या मोठ्या खेळाची ती नांदी होती तो रद्द झाला, आणि २०१५ साली ही नांदीही विक्रेत्याच्या दालनातून काढून टाकण्यात आली. पुस्तक दुर्मीळ झाले तरी एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात सापडते. येथे मालकाने दार लावले की कलाकृतीच नाहीशी होते, आणि ही खेदाची गोष्ट आहे.

तथापि आम्ही ज्या खेळास सर्वांत वरचे स्थान देऊ त्यात भूत नाहीच. ‘गॉन होम’ हा फुलब्राइट या अमेरिकन मंडळीचा २०१३ सालचा खेळ. १९९५ सालच्या जून महिन्यातील एका वादळी रात्री परदेशचा प्रवास आटोपून थोरली मुलगी घरी येते. ती बाहेर असताना घरच्यांनी बिऱ्हाड हलविलेले, त्यामुळे हे घर तिने कधी पाहिलेले नाही. दारावर धाकट्या बहिणीची चिठ्ठी, आत कोणी नाही. भरताने सांगितलेले ओसाड घर ते हेच. दिवे लुकलुकतात, गुप्त वाटा सापडतात, न्हाणीघरातील टबात तांबडे डाग दिसतात. जवळ जाऊन पाहावे तो केस रंगविण्याचा रंग. एकेक खण उघडीत गेले असता बापाची अपयशे, आईचे मन आणि बहिणीचे अवघड प्रेम उलगडत जाते. अखेरीस उरते ती एकच भीती : आपण दूर असताना आपल्या माणसांचे काय होऊन बसले, आणि आपणांस ते कळले कसे नाही! बदलीच्या गावाहून वर्षा-दोन वर्षांनी घरी जाणाऱ्या माणसास ही भीती ठाऊक असते. तिला पिशाचाची आवश्यकता नसते. या खेळातही दोष आहे. बहिणीचा आवाज मधूनमधून ऐकू येऊन सारे सांगत राहतो, आणि वस्तूंनी जे आधीच सांगितले तेच पुन्हा ऐकावे लागते. कर्त्यांनी आपल्याच खणांवर थोडा अधिक विश्वास ठेवावयास हवा होता. परंतु भयानकास करुणात विलीन करण्याचे त्यांचे सामर्थ्य निःसंशय मोठे आहे.

आता सणाकडे वळू. हे खेळ बारा महिने मिळत असता ते ऑक्टोबरातच का खेळावे? व्यापाऱ्याचा लाभ हे एक उत्तर झाले. पण तेवढ्याने भागत नाही. जपानात एदो काळी ‘शंभर गोष्टी’ नावाचा एक करमणुकीचा प्रकार होता. रात्री मंडळी जमावयाची, शंभर वाती लावावयाच्या, आणि एकेक भुताची गोष्ट संपली की सांगणाऱ्याने स्वतः उठून एक वात विझवावयाची. शंभरावी विझली की भूत प्रकट होते अशी समजूत असल्याने पुष्कळदा नव्याण्णवावरच थांबत. आज ज्यास आपण भयखेळ म्हणतो त्याचे सारे घटक येथे आहेत : स्वतःच्या हाताने वाढविलेला अंधार, लांबविलेली प्रतीक्षा, आणि केव्हा थांबावे याचा ठराव. हा ठराव महत्त्वाचा. नाटकास रंगमंचाची चौकट असते म्हणून प्रेक्षक निर्धास्तपणे भितो. खेळात ती चौकट पुसट होते, आणि ती पुन्हा आखून देण्याचे काम सण करतो. भय या रात्री आले आहे, सर्वांच्या घरी आले आहे, आणि ते उद्या जावयाचे आहे, अशी ही कबुली असते. डबल फाइनच्या ‘कॉस्च्यूम क्वेस्ट’ (२०१०) या मुलांच्या खेळात हॅलोवीनचीच रात्र आहे; सोंग घेतलेले मूल दार ठोठावते, आणि आतून खाऊ येईल की राक्षस हे दार उघडल्यावरच समजते. सणाचे मर्म त्याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

एकाएकी किंकाळी फोडून अंगावर येणाऱ्या खेळांस आमचा आक्षेप रक्ताबद्दल वा भुतांबद्दल नाही. ते खेळणाऱ्यास भयाकडे पाहण्याचा वेळ देत नाहीत, याबद्दल आहे. वडील मंडळींना म्हणून आमची सूचना अशी की, या दिवसांत एका रात्री मुलांच्या खोलीचे ते लोटलेले दार उघडून आत जावे आणि शेजारी खुर्ची ओढून बसावे. पडद्यावरील दारापाशी मुलगी थांबते का, थांबून काही ऐकते का, आणि मग हात पुढे करते का, एवढेच पाहावे. ती थांबत असेल, तर खेळ चांगला आहे असे समजून तिला तो पुरा करू द्यावा. निजावयास थोडा उशीर झाला तरी चालेल.